आक्का, मिठाची बरणी अजून कोरडी आहे

प्रिय आक्का,

सा. न. वि. वि.

पत्रात तुला ‘तू’ लिहिताना अजून हात अडखळतो. आमच्या सोलापूरकडे वडीलधाऱ्या बाईला अरे-तुरे केलं की पाठीत धपाटा बसायचा. इथे देवगडात, तुझ्या शेजारच्या घरात लग्न करून आले आणि ऐकलं तर सगळी वाडी तुला ‘तू’ म्हणत होती, अगदी सहा वर्षांची पोरंसुद्धा. पहिली तीन वर्षं मी ‘अहो आक्का’ म्हणत राहिले आणि तू दर वेळी मागे वळून कोणाला हाक मारतेय ते बघायचीस. तेव्हा आता ‘तू’च.

हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, त्याला कारण आहे. तुझ्यासमोर आभार मानायला गेलं की तू ‘च्याय ठेवतंय’ म्हणून आत निघून जातेस. सध्या तू डोंबिवलीला लेकाकडे, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडून आहेस. पळून जाता येणार नाही. ऐक.

माझा इथला पहिला पावसाळा 2015 चा. आमच्या सोलापूरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या चारपट तरी देवगडात पडतो, हे मी शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. पण भूगोलाच्या पुस्तकात मिठाचं काही लिहिलेलं नव्हतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी झाकण उघडलं तर मिठाच्या डब्यात पाणी. तिखटाला गुठळ्या, पापडांवर पांढरी बुरशी, आईने हौसेने बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या चिंधीसारख्या मऊ. काडेपेटीची एक काडी पेटेना. घरात सात माणसं, त्यात अंथरुणाला खिळलेल्या आजेसासूबाई, आणि मला सव्वानऊला पतसंस्थेत पोचायचं होतं. मी मागच्या पडवीत बसून रडत होते, आणि तू गडग्यावरून, आपल्या दोन घरांमधल्या दगडी बांधावरून, वाकून बघितलंस.

‘मिठाक पाणी सुटला म्हणान तू कित्याक रडतंस गो?’

त्या एका वाक्याने मला आधी हसू आलं आणि मग आणखी रडू. तू आत आलीस, सासूबाईंना काही बोलली नाहीस, डबा उचलून घरी घेऊन गेलीस. दुपारी चिनी मातीची बरणी आणून दिलीस. खाली भाजलेल्या तांदळाची मूठ, वर जाडं मीठ, तोंडाला फडकं आणि त्यावर घट्ट झाकण. ती बरणी अजून माझ्याकडे आहे. परत मागितली नाहीस, मीही दिली नाही.

बरणीपेक्षा मोठी गोष्ट तू त्याच दिवशी सांगितलीस, आणि मला वाटतं कोकणात घर चालवणाऱ्या प्रत्येकाने ती चुलीवर लिहून ठेवावी. मोठा साठा रोज उघडायचाच नाही. रोजच्या वापराचं मीठ, तिखट, डाळ, रवा लहान डब्यांत. मोठी बरणी पंधरा दिवसांतून एकदा, तीही उघडीप असेल त्या दिवशी, कोरड्या हाताने. दमट हवेत झाकण जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा ओल आत जाते. इतकं साधं. पण मला एकाही पाककृतीच्या वहीत हे सापडलं नव्हतं.

आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीची तयारी तू मला दुसऱ्या वर्षी शिकवलीस. मे महिन्यात तुझ्या खळ्यात माझी तूरडाळ, तांदूळ, मिरच्या तुझ्या आमसुलांशेजारी वाळत पडायच्या. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळांची सालं त्यांच्याच खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा टाकायची. त्या लाल सालांवर नजर ठेवता ठेवता तू मला डाळ कधी भरायची ते सांगितलंस. उन्हातून उचललेली गरम डाळ मी तशीच डब्यात ओतत होते. तू माझा हात धरलास. गरम धान्य बंद डब्यात घाम सोडतं आणि मग कीड लागते. रात्रभर सावलीत गार होऊ दे, सकाळी एरंडेलाचा हात फिरव, मग भर. तिखटात हिंगाचे खडे. जुना माल पुढे, नवा मागे. सुक्या बांगड्यांचा आणि सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोलंबीचा, डबा माजघरात अजिबात नको, घराबाहेरच्या मांगरात ठेव. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा याच डब्यावर घर जगतं. म्हणून त्यालाही उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखव.

कपड्यांच्या बाबतीत मात्र मी तुझं ऐकायला दोन वर्षं लावली. रविवारी सगळे कपडे एकदम धुवायची माझी सवय. इथे रविवारी धुतलेली चादर पुढच्या रविवारीही ओलीच, वर तो कुबट वास. रोज थोडे धू, म्हणालीस. पोरांचे गणवेश सर्वांत आधी, पिळून झाले की कोरड्या पंचात गुंडाळून दाबायचे, मग पडवीतल्या वलणीवर एकावर एक न टाकता. चादरी, गोधड्या मृगाच्या आधी धुऊन ठेवायच्या आणि गणपतीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं, कारण चिऱ्याच्या भिंतीला पावसात घाम फुटतो. आणि कपाटाच्या तळाशी कोळशाच्या पुरचुंड्या. कोळसा ओल ओढतो. पावसाळा संपला की उन्हात टाकून पुन्हा वापरते. सासऱ्यांचं लग्नातलं धोतरसुद्धा यंदा बुरशीशिवाय निघालं.

एक गोष्ट मी सोडून दिली, तेही सांगते, नाहीतर तुला वाटेल शेजारची सून नुसती तोंडदेखलं गोड बोलते. लादी पुसायच्या पाण्यात रॉकेलचे थेंब टाकणं. मुंग्या जातात हे खरं, पण रांगतं पोर घरात आणि शेजारी पेटती चूल! मी कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मुंग्यांची आणि माझी आता बऱ्यापैकी समजूत आहे.

जळणाचं मात्र तुझं शंभर टक्के ऐकते. सोडणं (नारळाची सुकी सालं) आणि लाकडं घराला चिकटून रचायची नाहीत, आणि काढताना आधी लांबूनच काठीने ठोकायचं. 2018 च्या ऑक्टोबरात मी काठी आपटली आणि सोडणांतून फुरसं, विषारी साप, सळसळत निघालं. हात घातला असता तर आज हे पत्र लिहायला मी असते की नाही, कोण जाणे. त्या संध्याकाळी तू काही बोलली नाहीस, फक्त माझ्या काठीकडे बघून मान हलवलीस.

आता सर्वांत मोठा विषय: माणसं.

घरातलं काम एकटीच्या अंगावर पडतं, हे दुखणं मी तुला किती वेळा सांगितलं असेल. मी दमून ‘अरे कोणीतरी मदत करा’ म्हणायचे आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. माझा राग त्यांच्यावर. तू म्हणालीस, ‘मदत कर म्हटलंस तर कोणय उठाचो नाय. काम सांग.’ आणि तिथल्या तिथे करून दाखवलंस. दीर ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता. तू त्याला ‘मदत कर’ म्हणाली नाहीस. ‘सहा वाजलेत, दोन नारळ खवून दी रे, साडेसहाक आमटीक वाटप होया.’ (वाटप म्हणजे खोबऱ्याचं वाटण.) तो उठला! काम, माप आणि वेळ, तिन्ही सांगितलंस. त्या दिवसापासून आमच्या घरात नारळ दीरच खवतो, आणि आता तर त्याची मतंही आहेत: फोडलेल्या नारळाची डोळ्याकडची वाटी आधी वापरायची कारण ती आधी खराब होते, दुसरी मीठ चोळून ठेवायची. हे त्याला तूच शिकवलंस, पण तो मला सांगताना स्वतःचा शोध असल्यासारखं सांगतो. मी बोलत नाही. नारळ खवला जातोय ना!

नवऱ्याकडे पाण्याचा पंप आणि रात्रीची भांडी. सासऱ्यांकडे यादी. यादी म्हणजे कपाटाच्या दाराच्या आत चिकटवलेला कागद. तेल संपल्यावर ‘तेल’ लिहून उपयोग नाही, डब्याचा तळ दिसायला लागला की लिहायचं, कारण जामसंड्याच्या बाजारात जाणं होतं आठवड्यातून एकदा आणि पाऊस तुका विचारून येवचो नाय, हे तुझंच. मुलीकडे दुसऱ्या दिवशीची दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या. सासूबाईंनी मात्र सुरुवातीला नाक मुरडलं. घरचा पुरुष भांडी घासतो हे वाडीत काय दिसेल? तू त्यांच्याशी काय बोललीस मला आजवर माहीत नाही. मांगराच्या मागे पाच मिनिटं दोघी उभ्या होत्या. त्यानंतर विषय निघाला नाही.

तौक्ते चक्रीवादळाची आठवण काढल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. 16 मे 2021, रविवार. दोन दिवस आधी तू आमच्याकडे येऊन बसलीस आणि एकेक कामं काढलीस. पिंप भरा, कळशा भरा, कारण वीज गेली की पंप बंद. विहिरीवर दोर-बादली आहे का बघा. पंधरा दिवसांचं वाटप आत्ताच मिक्सरवर काढून थोडं फ्रीजरला, बाकीची तयारी पाट्यावरची. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून बर्फ करा, म्हणजे भरलेला फ्रीजर बराच वेळ थंड राहतो. आणि ती तुझी युक्ती: पेल्यात पाणी गोठवून वर रुपया ठेवायचा. वीज परत आल्यावर रुपया तळाशी गेलेला दिसला तर समजायचं मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मासे टाकून द्यायचे. आमच्याकडे वीज पाच दिवस नव्हती. रुपया तळाशी होता. सुरमई मी टाकली, जीव तुटत टाकली. पण पिंपातलं पाणी चौथ्या दिवसापर्यंत पुरलं, आणि आंब्याची कलमं आडवी झालेल्या त्या दिवसांत निदान पोटात गरम पेज होती.

यंदा, 2025 ला, गणपती लवकर आले, 27 ऑगस्टला, म्हणजे ऐन पावसात. कणकवली स्टेशनातून चाकरमानी आले ते ओल्या बॅगांसकट. घरात तेवीस माणसं आणि तू नाहीस. लग्नानंतरचा तुझ्याशिवायचा माझा हा पहिला गणपती. खरं सांगते, तीन दिवस आधी मला ताप यायचा बाकी होता.

मग तू करतेस तसं केलं. मोदकाचं पीठ आधीच दळून आणलं. चून, म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण, आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये. उकड एकदम न काढता तीन वेळा काढली, जेवढं पीठ तेवढंच पाणी, थोडं तूप, थोडं मीठ. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली. दोघी वळायला, एक वाफवायला, मुंबईची जाऊ ताटं मांडायला. तिला मी ‘मदत कर’ म्हटलं नाही. ‘साडेबारापर्यंत तेवीस पानं’ म्हटलं, आणि ती चक्क खूश झाली! म्हणाली, दर वर्षी इथे आलं की मला कळतच नाही काय करावं. बिचारी दहा वर्षं स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आम्हाला वाटत होतं ती शिष्ट आहे.

सासूबाईंनी पहिला मोदक तोंडात घातला, आमटीचा भुरका मारला आणि विचारलं, ‘आक्का इली काय गो?’

मी नाही म्हटलं. त्यांनी आणखी आमटी वाढून घेतली.

तुझ्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. मेमध्ये कौलं चाळून घेतली तेव्हा पूर्वेकडच्या पाखाची दोन फुटलेली निघाली, ती बदलली. पावळीला, छपराच्या कडेला, विणलेल्या झावळ्यांची झापं बांधली आहेत. तुळशीला पाणी घालायची वेळच येत नाही, आभाळ घालतंय. मांजर आमच्याकडे जेवतं आणि तुझ्याकडे झोपतं. गुडघ्याचे व्यायाम नीट कर, डॉक्टरांनी सांगितलेले, तुझ्या मनाचे नको.

आणि येताना त्या मिठाच्या बरणीचं जुनं लाकडी झाकण असेल तर आण. मी बसवलेलं स्टीलचं गंजलंय. बरणी काही परत मिळणार नाही.

तुझी,
गडग्यापलीकडची सोलापूरवाली