मिस्त्रीभाऊ, संध्याकाळच्या त्या फेरीसाठी

मिस्त्रीभाऊ, तुम्हाला सप्रेम नमस्कार.

काम संपलं, मजुरी दिली, चहा झाला, तुम्ही गेलात. पण माझं देणं फिटलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या घराची बैठक चौदा फूट उंच. विदर्भाचा उन्हाळा ओळखून आजोबांनी बांधलेली, पण खिडकी चार फुटांवर. लकवा झाल्यापासून बाबा खुर्चीत बसून नुसती भिंत पाहायचे. खिडकीपाशी ओटा उचलला तर त्यांना रस्ता दिसेल, एवढंच हवं होतं.

तुमच्याआधी एक ठेकेदार आला होता. ॲडव्हान्स घेतला, फरशीवर मुरूम ओतला, धुम्मसानं ठोकून न दाबताच वर विटा लावल्या आणि नऊ-नऊ इंचांच्या पायऱ्या ठोकल्या. पहिल्याच पावसाळ्यात ओटा खचला. फोन केला की ‘उद्या येतो’. त्याचा उद्या अजून उगवायचा आहे! बाबा त्या पायरीवर अडखळले, त्या दिवशी मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

तुम्ही आलात, आणि टेप खिशातच ठेवलात. बाबांना म्हणालात, “बावाजी, पाय उचला जरा.” पाय पोचला तिथं भिंतीवर खडूची रेघ मारली आणि निघून गेलात. मला वाटलं, झालं, हेही गेले. दिवे लागताना तुमची सायकल पुन्हा अंगणात. “सकायी पाय हलका रायते, भाऊ. संध्याकायी थकल्यावर किती उचलते, थे पाह्याव लागते.” दुसरी रेघ पहिलीच्या दोन बोटं खाली आली. पायऱ्या त्या खालच्या रेघेनं झाल्या, पाच-पाच इंचांच्या.

बाकी कोठ्यातल्या जुन्या सागाच्या तुळया कापून चौकट कशी केलीत, उधई लागू नये म्हणून खाली हवेला जागा कशी सोडलीत, ते जाणकारांनी येऊन पाहावं. मला ती दुसरी रेघच आठवते. पुसू दिली नाही मी. रंगवाल्याशी भांडलो तिच्यासाठी.

कारागीर पुष्कळ भेटतात हो. दुसऱ्याच्या थकव्याचं माप घेणारा माणूस मला चाळिशी उलटल्यावर भेटला. आणि त्या फेरीचे पैसेही तुम्ही हिशोबात धरले नाहीत.

आता बाबा वीस इंच वर बसतात. कोणाची बैलबंडी कापूस घेऊन गेली, कोणाचा बैल लंगडतो, सगळी खबर त्यांच्याकडे. आईला तर कंटाळा आला ऐकून.

पोळ्याला या. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बैलांना सांगतो तसंच बाबांनी तुम्हालाही सांगितलंय: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.