विश्रामगृहे राहतात, चाळी जातात

संपादक महोदय,

धरणांवरच्या जुन्या पाटबंधारे वसाहतींतली घरे धोकादायक ठरतात आणि त्यांचे निर्लेखन होते, म्हणजे खात्याच्या नोंदीतून काढून ती पाडली जातात. छप्पर गळते, भिंतीतून पिंपळ वर आलेला असतो, तेव्हा त्याला विरोध करण्यात अर्थ नाही. पण पाडण्याआधी त्यांची मोजमापे आणि फोटो घ्यावेत आणि प्रत्येक वसाहतीत निदान एक चाळ राखावी, एवढी विनंती आहे.

चाळ मुद्दाम म्हणतो. इन्स्पेक्शन बंगल्याला रंग मिळतो, कारण तिथे साहेब मुक्कामाला येतात. वर्कचार्जवरचा, म्हणजे कामापुरत्या नेमणुकीवरचा, वायरमन किंवा स्टोअरचा कारकून राहायचा, त्या दोन खोल्यांकडे कोण बघणार? खरे तर वसाहत म्हणजे खात्याची ज्येष्ठता यादीच. उंचावर कार्यकारी अभियंत्याचा बंगला, त्याखाली उपअभियंत्यांची घरे आणि अगदी तळाशी, ओढ्याकडेला, आम्ही. वरचा बंगला तेवढा राखला तर यादीचे पहिलेच पान हाती राहील.

माझे बालपण कोयनानगरला गेले. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला झाप बांधायचे, तरी आतला गिलावा दिवाळीपर्यंत ओलाच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारच्या पुढे, भूकंप झाला. आमच्या खोलीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. धरणाला भेगा गेल्या, पण १०३ मीटर उंचीचे ते धरण उभे राहिले. कोयनानगरातली बहुतेक दगडी घरे मात्र बसली. एकूण सुमारे १८० माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर, असे तोवर मानत; नंतर देशाच्या भूकंपक्षेत्रांचा नकाशाच बदलावा लागला. धरणाच्या भेगांवर पुष्कळ अभ्यास झाला. घरांच्या भिंती कशा बांधल्या होत्या, हे विचारायला मात्र आता म्हातारी माणसेच उरली आहेत.

शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, ज्यांची गावे बुडाली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पडून असताना सरकारी क्वार्टरचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण बर्मिंगहॅमच्या पाण्यासाठी वेल्समध्ये धरणे झाली, तेव्हा देखभालीच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेले एलान गाव शंभराहून अधिक वर्षे उभे आहे आणि तिथे माणसे राहतात. आपल्याकडे निदान कागद तरी राहावेत.

याला मोठा निधीही लागत नाही. जवळच्या तंत्रनिकेतनातली पोरे टेप घेऊन आली, तर एक चाळ दोन दिवसांत मोजून होईल. ट्रेसिंग कापडावरचे जुने नकाशे रेकॉर्ड रूममध्ये असले तर आधी ते बाहेर काढावेत. धरणाचे नकाशे जपले जातात, क्वार्टरचे रद्दीत जातात.

— धरणाच्या वसाहतीत वाढलेला एक वाचक