पोरांना खंदकाबद्दल सांग

नाशिक रोड

प्रिय बापू,

तुझा निरोप मिळाला. भरतीच्या पोरांसमोर पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींवर बोलायचंय, काहीतरी लिहून पाठव म्हणालास. पदकांची यादी तुला कुठेही मिळेल. मी खंदकाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. चढाई काही तासांत आटोपते. बाकीचे महिनेच्या महिने माणूस त्या खड्ड्यात काढतो. देवळालीच्या फायरिंगचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पोरांना तोफ माहीत आहे, पण तोफेखाली बसून राहणं माहीत नाही.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौज इंग्रजांच्या बाजूने लढायला फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात उतरली, तीही पातळ सुती खाकीत. खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्या इंजिनिअर सैनिकांच्या, दोन कंपन्या होत्या त्यांत. महिन्याभरातच, २८ ऑक्टोबरला, न्यूव्ह शापेलला त्यांना पायदळासारखं लढायला लावलं आणि त्यांची वाताहत झाली. मग हिवाळा आला. तिथली जमीन अशी, की हात-दोन हात खणलं की पाणी. निफाडला डिसेंबरात रात्रीच्या लायटीवर तू कांद्याला पाणी भरलं आहेस, पहाटे पाय कसे बधिर होतात ते आठव. आपण निदान घरी येऊन शेकोटीजवळ बसतो. त्यांचे बूट कित्येक दिवस पायातून निघत नसत. पाय सुजायचा, निळा पडायचा, मग काळा, आणि सडायला लागला की बोटं कापायची वेळ यायची. त्यावर उपाय एवढाच, की पाय कोरडे करून तेल चोळायचं आणि मोजे बदलायचे. चिखलात कोरडे मोजे आणायचे कुठून? कपड्यांच्या शिवणीत उवा, त्या उवांचाच ताप, आणि रात्री अंगावरून फिरणारे उंदीर.

मनाचं तर विचारूच नकोस. तासन्‌तास गोळे पडत असताना करण्यासारखं काहीच नसतं. अंगावर ओरखडा नाही आणि माणसाची वाचा गेली, हातपाय थरथरत राहिले, असं होऊ लागलं. १९१५ पासून डॉक्टर त्याला शेलशॉक म्हणू लागले, पण पुष्कळांच्या नशिबी ‘भेकड’ हाच शिक्का आला. आपल्या शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. आईला काही सांगायचं तर आधी पत्र लिहून देणाऱ्याला सांगायचं, मग ते तपासणारा साहेब वाचणार. रडायचं तेही दोन परक्यांच्या देखत.

आता कुत-अल-अमारा, इराकमधलं टायग्रिस नदीकाठचं गाव. हे मात्र सावकाश सांग. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर तिथे अडकल्या. यातली १०३ म्हणजे आजची पहिली मराठा, जंगी पलटण. बेळगावला, मराठा रेजिमेंटच्या केंद्रात, जायची स्वप्नं पाहणाऱ्या तुझ्या पोरांना ती नक्की ठाऊक असेल. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांचा वेढा पडला. जानेवारीत टायग्रिसला पूर आला, पुढचे खंदक बुडाले आणि दोन्हीकडच्यांना मागे सरावं लागलं. त्यानंतर भूक. धान्य संपत आलं तसे घोडे कापले जाऊ लागले. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरीही एप्रिलपर्यंत अनेकांनी तोंडाला लावलं नाही. गावात परतल्यावर जातीतले काय म्हणतील, ही धास्ती पोटातल्या आगीपेक्षा मोठी होती. मी त्यांना हट्टी म्हणणार नाही. घर तेवढंच तर त्यांच्याजवळ उरलं होतं. ताजी भाजी नाही म्हणून स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. रानातला पाला खुडून शिजवायचे, त्यातला काही विषारी निघायचा. आणि हे ऐक: सातू दळायला विमानातून जात्याचे दगड टाकले होते! त्या दगडांवर दळलेल्या मूठभर पिठावर माणसं रात्रीचा पहारा देत होती.

२९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे तेरा हजार कैदी झाले. अर्धमेल्या माणसांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत किती गळाले, आणि पुढे रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर किती खपले, ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

आणि एवढं सोसूनही इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर साध्या हिंदी शिपायाचं नाव कोरलेलं नाही. गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. आपल्या जवानांचा पलटणीखाली नुसता आकडा. आपल्याकडच्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवरही इतके गेले आणि इतके मेले, एवढंच.

म्हणून एक कर. भाषण झालं की पोरांना कामाला लाव. सिन्नर, निफाड, येवला, ज्याचं जे गाव असेल तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायचं, आपल्यातलं कोणी बसऱ्याला गेलं होतं का. नाव, भावकी, परत आला की नाही, सगळं वहीत उतरवायचं. पानं भरली की मला कळव, मी टाईप करून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
आबा