कॉकपिटच्या दारापुढे दुसरा अडसर हवा

महोदय,

अलीकडे पुण्याहून दिल्लीला जाताना मला विमानात पहिल्या रांगेतले आसन मिळाले. उड्डाणानंतर तासाभराने समोरचा पडदा ओढला गेला, केबिन क्रूमधील एका मुलीने खाण्याची ट्रॉली आडवी लावून तिचा ब्रेक दाबला आणि ती प्रवाशांकडे तोंड करून उभी राहिली. मग कॉकपिटचे दार उघडले, वैमानिक स्वच्छतागृहाकडे गेले, त्यांच्या जागी क्रूमधील दुसरी मुलगी आत गेली आणि दार बंद झाले. वैमानिक परतताना हेच सारे पुन्हा घडले. दार प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदच उघडे होते. पण तेवढा वेळ विमानाची सूत्रे आणि भरलेले विमान यांच्यामध्ये एक ट्रॉली आणि पंचविशीही न गाठलेली एक मुलगी, एवढाच अडसर होता.

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी ८१४ हे विमान पाच अपहरणकर्त्यांनी कंदहारला नेले आणि आठवडाभराने तीन दहशतवाद्यांना सोडून आपल्याला ओलिसांची सुटका करून घ्यावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हाची कॉकपिटची दारे अशा हल्ल्यासाठी बनवलेलीच नव्हती. ११ सप्टेंबर २००१ नंतर जगाला जाग आली आणि नोव्हेंबर २००३ पासून मोठ्या प्रवासी विमानांना गोळीबार व धडका सोसणारे, आतून कुलूपबंद होणारे दार आंतरराष्ट्रीय नियमांनी सक्तीचे केले. हे दार उत्तम आहे, पण ते बंद असेल तोवरच. ते आणखी पक्के करत जाणे हाही उपाय नव्हे. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने मुख्य वैमानिकाला बाहेर ठेवून विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळवले, तेव्हा याच भक्कम दाराने १५० जणांच्या बचावाची वाट बंद केली होती.

म्हणून प्रश्न उरतो तो दार उघडण्याच्या क्षणाचा. इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानांत कॉकपिटला दुहेरी दारे असतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने जून २०२३ मध्ये नव्याने बनणाऱ्या प्रवासी विमानांसाठी दुसऱ्या अडसराचा, म्हणजे दारापुढच्या वाटेत आडव्या लावायच्या फाटकासारख्या अडथळ्याचा, नियम केला. कॉकपिटचे दार उघडण्याआधी हा अडसर लावायचा आणि दार बंद झाल्यावर काढून ठेवायचा. कोणी अंगावर धावून आलाच, तर त्याला किमान पाच सेकंद रोखणे, म्हणजे दार पुन्हा बंद करण्यापुरती उसंत मिळवून देणे, एवढेच त्याचे काम. उड्डाण करताना आणि उतरताना तो लावलेला नसल्यामुळे आणीबाणीत प्रवाशांची वाट अडण्याचा प्रश्न येत नाही.

२०२३ या एकाच वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी जाहीर केली. यांतील बरीचशी विमाने अजून कारखान्यातून बाहेर पडायची आहेत. विमान तयार होतानाच हा अडसर बसवणे सोपे असते. नंतर बसवायचे तर विमान सेवेतून काढून हँगरमध्ये उभे करावे लागते. त्यामुळे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने यापुढे भारतात दाखल होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी विमानासाठी हा अडसर सक्तीचा करावा आणि सेवेतील विमानांसाठी ठरावीक मुदत द्यावी. तोवर निदान वैमानिक बाहेर येण्याच्या वेळी पुढच्या स्वच्छतागृहापाशी एकही प्रवासी उभा राहणार नाही, हा दंडक प्रत्येक उड्डाणात कसोशीने पाळला जावा. माझ्या त्या प्रवासात ट्रॉलीपासून हातभर अंतरावर दोन प्रवासी रांगेत ताटकळत होते आणि त्यांना जागेवर जाऊन बसा, असे कोणीही सांगितले नाही.

आपला,
एक विमानप्रवासी, पुणे