फॉर्मवर मिश्रीचा रकाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचं पान वाचलं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मधलं काहीच नाही. ते मधलं माझ्या अंगावरून गेलं आहे, म्हणून लिहिते.

मी कराडला खानावळ चालवते. वय ४६, उंची पाच फूट एक इंच, ऑपरेशनआधी वजन १०८ किलो. डॉक्टरांच्या हिशोबाने बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ४५. शुगर नऊ वर्षांची, गुडघे कामातून गेलेले. पुण्याला पहिल्यांदा दाखवायला गेले तेव्हा वाटलं, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आणि दिवाळीला घरी. लागले चार महिने. त्यातला दीड महिना माझ्यामुळेच गेला. मी खोटं बोलले नव्हते, पण कुणी विचारलं नाही ते सांगितलंही नाही.

पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतला. धूम्रपान? नाही. मद्यपान? नाही. ठणकावून सांगितलं, राग आल्यासारखं. आमच्याकडे बाई बिडी ओढते का? पण लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापासून, मी सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायचे. सासूबाई लावायच्या, जाऊ लावते. दात घासण्याचा प्रकार, त्यात सांगण्यासारखं काय?

सगळ्या तपासण्या झाल्या, तारीख ठरली, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या बघून म्हणाल्या, "मावशी, मिश्री लावता ना?" तिथेच तारीख रद्द. माझ्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ पाऊण भाग कापून काढतात आणि राहिलेल्या भागाला बारीक पिना मारून शिवण घालतात. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, शिवणीला रक्त नीट पोचत नाही, जखम भरायला उशीर लागतो. तंबाखू ओढली काय आणि हिरडीला लावली काय, रक्तवाहिन्या आकसतातच. निदान सहा आठवडे पूर्ण बंद करून या, म्हणाल्या.

एसटीत कराडपर्यंत मी त्या बाईंना मनातल्या मनात शिव्या घालत आले. भाकरी सोडणं त्यापुढे काहीच नाही. मिश्रीशिवाय सकाळी पोट साफ होईना, डोकं धरायचं, पोळ्या लाटणाऱ्या बायकांवर खेकसायची. डबी चुलीत टाकली, तर तिसऱ्या दिवशी जावेच्या खोलीत तिच्या डबीत बोट घालायला गेले. शेवटी जावेनेच डबी ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. स्वतःसाठी मात्र ती रोज उघडत होती, तो भाग वेगळा.

बाकीच्या तपासण्यांचं थोडक्यात. दुर्बीण घालून पोट बघितलं. रात्रभर वायरी लावून झोपेची तपासणी केली, त्यात श्वास अडकतो असं निघालं, मग नाकावर मास्कचं मशीन लावून झोपायला लागले. घरातली पोरं मला 'पायलट' म्हणायची. बी-१२ आणि डी दोन्ही कमी. जिला वर्षानुवर्षं खाते खाते म्हणून हिणवलं, तिच्याच अंगात सत्त्व नाही! मन तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, भूक नसताना कधी खाता? यावर मी अर्धा तास बोलले असेन.

ऑपरेशनआधीचे पंधरा दिवस पथ्याचे. ताकात प्रोटीनची पावडर, मुगाचं कढण, अंड्याचा पांढरा भाग, उकडलेली भाजी. भात-भाकरी-साखर बंद. मला वाटलं, वजन उतरवायला असेल. तसं नाही. चरबीने फुगलेलं यकृत जठरावर झाकणासारखं बसतं आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला ते उचलून बाजूला धरावं लागतं. पंधरा दिवसांच्या पथ्याने ते आकसतं. कारण कळल्यावर पथ्य सोपं गेलं. तरी दोनशे पोळ्या आणि रश्श्याचं पातेलं समोर असताना चव न घेणं म्हणजे काय, ते खानावळवालीलाच ठाऊक. मीठ बघायला भाचीला उभी करायची. पोरीने पहिले दोन दिवस आमटी खारट केली, गिऱ्हाईक बोंबललं.

पैशाचंही सांगते. विमा एजंट म्हणाला, "हे सौंदर्याचं ऑपरेशन, यात काही मिळत नाही." ते खरं नाही. विमा नियामकाच्या नियमात आहे: वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, बीएमआय ४० किंवा वर हवा. ३५ ते ४० मध्ये असाल तर आटोक्यात न येणारी शुगर, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असावा लागतो, आणि साधे उपाय करून झालेले असावे लागतात. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे पैसे मागता येत नाहीत तो सुरुवातीचा काळ, संपला का तेही बघावं. एजंटाच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नये.

ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. वजन ८४ आहे, केस गळतात, जेवताना पाणी पीत नाही, गोळ्या जन्मभर आहेत. मिश्री बंद आहे.

डॉक्टरमंडळींना आपल्या पत्रातून विनंती: फॉर्मवर 'धूम्रपान' या शब्दापुढे मिश्री, तंबाखू, गुटखा, तपकीर एवढे चार शब्द वाढवा. जागा आहे, मी बघितली आहे.

आपली,
एक खानावळवाली, कराड
(नाव छापू नये. जाऊ पेपर वाचते.)