प्रश्न आईलाच विचारलात म्हणून

प्रिय ताई,

रात्रीच्या त्या विमानात तुम्ही हवाईसेविका होतात, इकॉनॉमीचा मागचा भाग तुमच्याकडे होता. नाव मला ठाऊक आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत घेणं बरं नव्हे, म्हणून नुसतं ताई.

तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर आईचा सगळा दिवस व्हीलचेअरवर गेला होता. तिच्या बुकिंगवर 'डब्ल्यूसीएचआर' अशी खूण होती. म्हणजे जिना चढता येतो, विमानात स्वतः चालता येतं, लांबचं अंतर तेवढं झेपत नाही. तरीही चेक-इन काउंटरपासून सुरक्षा तपासणीपर्यंत जो तो तिच्या डोक्यावरून मलाच विचारत होता, "यांना उभं राहता येतं का?" आई मांडीवर पर्स धरून स्वतःबद्दलची चर्चा ऐकत राहिली. उद्धट कोणीच नव्हतं, घाईत होते सगळे.

तुम्ही मात्र सीटपाशी खाली बसलात आणि तिलाच विचारलंत, "कुठला पाय जास्त दुखतो?" मग वाटेकडच्या आर्मरेस्टखाली, मागच्या टोकाला, बोटाने चाचपून सापडते ती कळ दाखवलीत. ती दाबली की आर्मरेस्ट वर उचलता येतो आणि पाय बाहेर वळवून सरळ उठता येतं. प्रत्येक सीटला ती नसते, हेही सांगितलंत. मला तर अशी काही सोय असते हेच माहीत नव्हतं!

जेवणाच्या ट्रॉल्या परतल्या, दिवे मंद झाले, तरी तुम्ही पाणी घेऊन फिरत होतात. विमानातली हवा फार कोरडी, आर्द्रता बहुधा 20 टक्क्यांच्याही खाली. पण आईने पाणी नाकारलं, सारखं उठावं लागेल म्हणून. (प्रवासातला हा बायकांचा जुनाच हिशेब.) तुम्ही म्हणालात, "उठावं लागू दे की, तेवढंच चालणं होईल." चार तासांहून जास्त बसून राहिलं तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे मी तिला निघण्याआधीपासून ऐकवत होते. उठली ती तुमच्या एका वाक्यावर.

दोघी गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरापर्यंत गेलात. तिथे तुम्ही तिला टाचा वर-खाली करायला लावल्यात आणि तिने तुम्हाला विचारलं, "तू झोपतेस कधी गं?" तिचा हा नेहमीचा सूर दिवसभरात मला पहिल्यांदाच ऐकू आला. पुढे पाणी, फेरी, गप्पा असं काही वेळा झालं, मी अर्धवट झोपेत होते.

विमान खाली उतरू लागण्याआधी तुम्ही आठवणीने तिला जागं केलंत. झोपेत आपण कमी गिळतो, त्यामुळे कानाच्या आतला दाब बाहेरच्याशी जुळत नाही. मग बाहेरचा दाब वाढत जातो तसा कानाचा पडदा आत ओढला जातो आणि ठणका लागतो. मागच्या प्रवासात तिने तो सोसला होता. तो तिने तुम्हाला कधी सांगितला, कोण जाणे.

विमान कंपनीलाही कळवलं आहे, फ्लाइट क्रमांक आणि तारखेसकट. त्यांच्या फॉर्मवर हरवलेल्या बॅगेपासून गार जेवणापर्यंत तक्रारींचे पर्याय भरपूर होते, कौतुकासाठी फक्त 'इतर'. मी 'इतर' निवडलं आणि जागा संपेपर्यंत लिहिलं.

आईचा निरोप वेगळा आहे: पाय सुजले नाहीत, आणि रात्रपाळी झाल्यावर आधी जेवून घेत जा, मग झोप.

तुमची,
तिच्या शेजारच्या सीटवरची लेक