हरणाच्या आईबरोबर रंकाळ्याला

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. हे फोनवर बोलायला जमेना, दादाकडं पोरांचा गोंधळ असतोय आणि माझा पण आवाज मधेच बसतोय, म्हणून लिहितोय.

परवा हरणाला जाऊन वर्ष झालं. आई, हे नाव तूच ठेवलेलं. घरात सायकल असून पण तो शाळेला पळतच यायचा, दप्तर पाठीवर आपटत, आणि तू दारातनं ओरडायचीस, आलं बघ तुझं हरिण. मग सगळा वर्गच त्याला हरणा म्हणायला लागला. बाबा, तुम्ही त्याला म्हणायचा, अरे हितं लाल मातीत उतर नाहीतर फुटबॉल खेळ, पळून काय मिळणार. तुमचं पण खरंच होतं, खासबागेचं कुस्तीचं मैदान असलेलं हे आपलं कोल्हापूर, राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमधनं कुस्तीचं ब्राँझ आणलं ते अजून अभिमानानं सांगणारं, तिथं नुसतं पळणाऱ्याकडं कोण बघतंय. तो हसून म्हणायचा, काका, पळाल्याशिवाय मला भूकच लागत न्हाई.

पहाटे पाचला रंकाळा तलाव, संध्यामठावरनं शालिनी पॅलेसकडं, आणि मग गंगावेशीत म्हैस समोर पिळून घेतलेलं धारोष्ण दूध, वरचा फेस त्याच्या ओठावर तसाच. मी कायम मागं. तो पुढं जाऊन परत फिरायचा, माझ्यापर्यंत यायचा, परत पुढं जायचा, म्हणजे माझी एक फेरी व्हायची तेवढ्यात त्याची दीड तरी होत असणार.

आता जे सांगायचंय ते. अकरावीच्या जुलैत आम्ही पन्हाळा ते पावनखिंड गेलतो. बाबा, तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता की आमच्या पोरानं पन्नासेक किलोमीटर चिखलातनं एकट्याच्या हिमतीवर काढले. तसं झालं नव्हतं. पहिल्या दिवशी मसाई पठारावर धुकं आणि पाऊस इतका की पुढच्याची फक्त प्लॅस्टिकची खोळ दिसायची, तरी करपेवाडीच्या मुक्कामापर्यंत कसाबसा पोचलो. दुसऱ्या दिवशी आंबेवाडीच्या पुढं भातखाचरात गुडघाभर रुतलो, बुटाचा तळ निघाला आणि मी बांधावर बसून चक्क रडलो. सगळे पुढं गेलते. अर्ध्या तासानं धुक्यातनं हरणा परत आला, एकटाच, नाडीनं माझा बूट बांधला आणि म्हणाला, चल, मला पण घाई न्हाई. खोटं बोलला. त्याला सगळ्यात आधी खिंडीत पोचायचं होतं, महिनाभर तेच बोलत होता. पन्हाळ्यावर शिवा काशिदांच्या समाधीजवळ पण त्याच्या डोक्यात एकच, 1660 च्या त्या पावसात महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन हीच वाट जे पळाले त्या भोयांचं काय झालं असेल, त्यांच्या पायांचं काय झालं असेल. पांढरपाणी गावापर्यंत तो माझ्या चालीनं चालला. खिंडीत आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो. घरी आल्यावर तुम्ही एवढं खूश होता की मी खरं सांगितलंच नाही, आणि त्यानं पण कधी कुणाला सांगितलं नाही.

तो आजारी पडला तेव्हा मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्याचे पाय बघितले, काटक्या झालेले, आणि नंतर माझं धाडसच होईना. कामाचं कारण सांगत राहिलो. त्याचा मेसेज आलता, रंकाळ्याला पाणी किती आलंय रे, फोटो टाक. मी टाकला, पण गेलो नाही. मी बांधावर बसलेलो तर तो आलता, आई, आणि मला माझ्या गल्लीतनं त्याच्या गल्लीत जायला झालं नाही. हे मी अजून कुणाला बोललो नाही.

परवा त्याच्या आईकडं, काकूंकडं गेलो. त्यांनी त्याचे शेवटचे बूट काढून दाखवले, तळाला माती अजून तशीच, धुतलेच नाहीत त्यांनी. मी त्यांना खिंडीचं सगळं सांगितलं, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तीन वेळा परत सांगायला लावलं. नाडी कशी बांधली ते पण. मग म्हणाल्या, मला एकदा त्याच्या रस्त्यानं ने की.

त्या दिवसापास्नं रोज सकाळी सहाला आम्ही दोघं रंकाळ्याला जातोय. पाच त्यांना जमत नाही. त्या हळू चालतात, मधे कट्ट्यावर बसतात, काल संध्यामठापर्यंत आलो. कुणी पोरगं पळत पुढं गेलं की वळून दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडं बघतात आणि मग उठतात.

बाबा, पाहुण्यांना आता खरं काय ते सांगा.

आणि आई, काकूंचा उजवा गुडघा लई दुखतोय. तू लसूण घालून कढवायचीस ते तेल कसं करायचं ते सांग, आणि एकदा तूच फोन कर त्यांना, दुपारी तीननंतर, तेव्हा त्या एकट्या असतात.

तुमचा,
बाळू